गोगलगायीची पट्टी वाळेपर्यंत

नाही, नाही, नाही. माईक सोडा, दादा. तुम्ही सूत्रसंचालन करताय, छान करताय, मघाशी चार ओळीसुद्धा झकास म्हणालात. पण "दोन शब्दांत आटप" हे मला चालणार नाही. दोन शब्दांत निरोप द्यायचा तर "बाई, निघा" एवढेच शब्द बसतात. शोभेल का ते आपल्याला? नाही ना? मग द्या इकडे. आणि तुम्हाला माझ्या तोंडून कुठलं वाक्य हवंय ते मला माहितेय. अख्ख्या सभागृहाला माहितेय. ते वाक्य येईल, नाहीतर येणार नाही. आधी मला रीतसर सुरुवात तरी करू द्या.

तर. समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य सर, जे आत्ता वरून माझ्याकडे बघून गोड हसतायत आणि टेबलाखालून दादांना हाताने "बस कर, बस कर" करतायत. सर, टेबलावरचं कापड रसायनशास्त्र विभागातून उसनं आणलंय. समोरून आखूड आहे. खालचं सगळं दिसतं. पुरस्काराचे प्रायोजक आणि आजचे प्रमुख पाहुणे, नळांच्या कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही मुली प्रेमाने आणि त्यांना न विचारता नळवाले काका म्हणतो. निवड समितीचे सन्माननीय सदस्य. त्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची, हिच्याकडे मी येणारच आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, त्या आमच्या सत्कारमूर्ती, प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख, आज संध्याकाळी निवृत्त होणाऱ्या. संध्याकाळ अजून व्हायचीय, हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवावं. सर्व प्राध्यापक, ऑफिसमधली मंडळी, दारात उभे असलेले आमच्या प्रयोगशाळेतले मामा, ज्यांना विनंती आहे की त्यांनी खाली चक्कर मारून पुन्हा दारातच येऊन उभं राहावं. मित्रमैत्रिणींनो. आणि पहिल्या रांगेत एकमेकींना खेटून बसून एकमेकींकडे न बघणाऱ्या माझ्या दोन आया, म्हणजे एक माझी आई आणि एक माझी मावशी. सर्वांना नमस्कार.

कोणी राहिलं का? राहिलं असेल तर सांगा, पुन्हा पहिल्यापासून घेते. मला आज अजिबात घाई नाही. का नाही, ते कळेल.

जे पालक पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी आधी या पुरस्काराची भानगड सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी एवढी का भांडतेय. आपल्याकडे शेवटच्या वर्षाची विज्ञानाची मुलं एकेक प्रकल्प करतात. त्यातला सगळ्यात चांगला प्रकल्प समिती निवडते. इथपर्यंत सगळं जगासारखं. पण निवड झाली म्हणजे पुरस्कार मिळाला असं नाही. तो प्रयोग दुसऱ्या कोणीतरी अगदी पहिल्यापासून पुन्हा करायचा. ज्याचा प्रयोग आहे त्याने शेजारी बसायचं, विचारेल ते सगळं सांगायचं, पण कशालाही हात लावायचा नाही. आणि शेवटी समारंभात त्या पुन्हा करणाऱ्याने इथे, या माईकसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं: "मी करून पाहिलं. तसंच आलं." झालं. मग टाळ्या, मग ट्रॉफी. ट्रॉफीवर दोघांची नावं, सारख्याच आकाराच्या अक्षरांत.

ही अट मॅडमची. आणि पुन्हा करणारा निवडायची पद्धत तर खास मॅडमचीच. त्या वर्गात येतात, टेबलाला टेकतात आणि विचारतात, "हिचं चुकावं असं मनापासून कोणाला वाटतं?"

हसू नका. तुम्ही बसून बघा त्या वर्गात. सगळे एकदम सज्जन होतात. कोणी वहीत बघतंय, कोणी पंख्याकडे. मग मॅडम म्हणतात, "लाजू नका, मला मैत्रीण नकोय, मला चूक शोधणारं माणूस हवंय. जिला आनंद होईल तीच नीट शोधेल." मागे एका वर्षी पावावरच्या बुरशीचा प्रकल्प निवडला गेला होता, एका मुलाचा. त्याचा प्रयोग पुन्हा करायला जी मुलगी उभी राहिली तिचं आणि त्याचं नुकतंच बिनसलेलं. कॉलेजभर चर्चा. बिचारीने बुरशीला काय काय करून बघितलं! शेवटी इथे उभी राहिली आणि दाढ काढताना माणूस जसं तोंड करतं तसं तोंड करून म्हणाली, "मी करून पाहिलं. तसंच आलं." मी त्या वर्षी नवी होते, मागच्या रांगेत. म्हटलं, हे खरं. बाकी सगळी भाषणं.

मॅडमना आम्ही काय म्हणतो ते मॅडमना माहीत नाही असं आम्हाला वाटतं. पुन्हा-मॅडम. काहीही दाखवा, "छान. पुन्हा." पेशी दिसली मॅडम! "छान. पुन्हा." बेडूक गेला मॅडम! "पुन्हा बघ." आज मघाशी त्यांना गुच्छ दिला तेव्हा तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी वास घेतला, कपाळाला आठी घातली, आणि गुच्छ प्राचार्य सरांच्या नाकाखाली धरला. "प्लास्टिकची वाटतायत. तुम्हीपण घेऊन बघा." सर, तुम्ही घेतलात वास! खोटं बोलत असेन तर सांगा.

मॅडमचे मिस्टर तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेत. काका, सांगू का? सांगते. काकांनी लग्नाचं विचारलं तेव्हा ते म्हणे हॉटेलात जेवून उठले होते. मॅडम म्हणाल्या, "आत्ता पोट भरलंय तुमचं. पुढच्या आठवड्यात उपाशी असताना पुन्हा विचारा." काकांनी विचारलं. उपाशीपोटी. आणि तसंच आलं, म्हणून तर ते आज इथे आहेत.

मॅडमची अजून एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, ती पुढे लागणार आहे. मॅडमना एखादी गोष्ट खरोखर रस घेण्यासारखी वाटली की त्या चपला काढतात. बसल्या जागी, टेबलाखाली, त्यांना स्वतःलाही न कळता. आम्ही तोंडी परीक्षेला जायचो तेव्हा उत्तर बरोबर की चूक हे त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही. आम्ही पेन पाडायचो, खाली वाकायचो आणि चपला बघायचो. आजचा समारंभ सुरू झाल्यापासून माझं लक्ष त्या आखूड कापडाखाली आहे. सर, तुमचं भाषण झालं, काकांचं झालं, समितीचं झालं. चपला पायातच आहेत. कोणी मनाला लावून घेऊ नका.

आता खुर्ची.

ही रिकामी खुर्ची माझ्या ताईची. ताई म्हणजे माझी मावसबहीण. माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी आहे, पण पाळण्यात असल्यापासून मला "ताई म्हण" म्हणते. आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर, आणि आमच्या आया एकाच बिल्डिंगमध्ये, वरखाली. मावशी वर, आम्ही खाली. तिच्या घरी मार्क पडले की आमच्या छताला कळतं. या वर्षीचा पुरस्कार ताईला आहे. तिचा प्रकल्प गोगलगायींचा.

प्रयोग साधा आहे. इंग्रजी टी अक्षरासारखी एक प्लास्टिकची पट्टी. खालच्या टोकाला गोगलगाय ठेवायची. ती सरळ येणार, फाट्याशी थांबणार, शिंगं हलवणार, आणि वळणार. दोन्हीकडे सारख्याच काकडीचे सारखेच तुकडे. म्हणजे डावं-उजवं करायचं काही कारणच नाही. तरी ताईच्या गोगलगायी डावीकडे वळायच्या. एक गेली, दुसरी गेली, सगळ्या डावीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या डावीकडे. ताई हवेत. मावशीने वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरी येऊन सांगितलं. आई भाजी चिरत होती. मावशी म्हणाली, "हिच्या गोगलगायी डावीकडेच जातात गं." आई म्हणाली, "तुझ्या घरच्या ना? सांगशील तिकडे जातील."

आई, आत्ता हसू नकोस. मावशी बघतेय.

तर समितीने ताईचा प्रकल्प निवडला, मॅडम वर्गात आल्या, टेबलाला टेकल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. "हिचं चुकावं असं मनापासून कोणाला वाटतं?" मी खरंच विचार करणार होते. पण माझा हात आधीच वर होता. ताई शेजारीच बसलेली. तिने माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "वाटलंच." मॅडम म्हणाल्या, "छान. खाली घे आता, दुखेल."

मग आमचं सुरू झालं. मी गोगलगायी ठेवणार, ताई स्टुलावर बसणार. तिला हात लावायचा नाही, पण तिला राहवत नाही, म्हणून ती स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायची. "नीट ठेव. अगं, तोंड पुढे करून ठेव. पाठीमागून धर. तू काय बटाटा धरलायस का?" असं सगळं चालू. पहिली गोगलगाय गेली. फाट्याशी थांबली. शिंगं हलवली. उजवीकडे वळली.

मी फक्त ताईकडे बघितलं.

"एखादी असते तशी," ताई म्हणाली.

दुसरी उजवीकडे. तिसरी उजवीकडे. सगळ्या उजवीकडे.

"तू ढकलतेयस," ताई म्हणाली.

"गोगलगाय ढकलली तर दिसतं, ताई."

"तू नजरेने ढकलतेयस!"

आठवडाभर आम्ही बोललो नाही. वरची मावशी आणि खालची आई पण बोलल्या नाहीत. गोगलगायींच्या वळण्यावरून दोन सख्ख्या बहिणींचा जिना बंद झाला. मावशीचं म्हणणं, माझ्या हाताला पहिल्यापासूनच वळण नाही. आईचं म्हणणं, गोगलगायींना खरं काय ते आत्ता बोलता आलं. आणि मॅडम? आम्ही दोघी भांडत त्यांच्यासमोर गेलो. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं. "छान," म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा केलं. कधी सगळ्या डावीकडे, कधी सगळ्या उजवीकडे. सगळ्या म्हणजे सगळ्या. त्या दिवशीची जी दिशा, ती सगळ्यांची. आम्हाला वेड लागायची पाळी. मी खिडकी बंद करून बघितली, टेबल फिरवून बघितलं, काकडी बदलून बघितली. ताई म्हणाली, आज त्यांचा मूड डावीकडचा आहे. तेवढ्यात मॅडमच्या निवृत्तीची तारीख जवळ आली, आणि पुरस्काराचं सगळं समितीच्या हातात गेलं. समितीने ठरवलं, फार झालं, आता देऊन टाकू. आम्ही मॅडमना विचारायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्या हातात आता गुच्छ यायचेत. समिती नाही."

आता आज सकाळचं सांगते. सर, आता टेबलाखाली हात हलवू नका, आता मजा येणारे.

आज बाहेर प्रवेशद्वारापाशी पाहुण्यांसाठी ताईच्या प्रयोगाचं प्रदर्शन मांडलंय, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल. पाहिलं असेल तर तिथे गोगलगायी नाहीत हेही पाहिलं असेल. सकाळी होत्या. ताईने पट्टी चकचकीत पुसली, पाहुणे येणार म्हणून. आणि प्रत्येक गोगलगायीनंतर ओल्या फडक्याने पुन्हा पुसायची, का, तर तो चिकटपणा फोटोत बरा दिसत नाही. पहिली गोगलगाय डावीकडे गेली. पुसलं. दुसरी उजवीकडे. पुसलं. तिसरी फाट्याशी आली, दोन्हीकडे बघितलं आणि मागे फिरली. घरीच गेली.

ताईने मला फोन केला. समितीने ठरवलं तेव्हापासून आमचा पुन्हा अबोला, आणि फोनवर पहिलं वाक्य, "लवकर ये. आणि हसायचं नाही."

मी आले. ताईने जुनी पट्टी उचलली, आमची रोजची, शेवटच्या दिवशी धुवायची राहिलेली, आणि दाराच्या उजेडात तिरकी धरली. पट्टीवर एक चंदेरी वाट होती. टोकापासून फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून एकाच बाजूला. एकीवर एक, एकीवर एक, अशी जाड झालेली. गोगलगाय चालते तिथे तिचा चिकट माग राहतो, हे आम्हाला शाळेपासून माहीत. आम्ही पट्टी रोज संध्याकाळी धुवायचो. रोज! पण एकीनंतर दुसरी ठेवताना कोण धुतंय?

म्हणजे डावीकडे जायचं हे फक्त पहिलीने ठरवलं. बाकीच्या तिच्या मागून गेल्या. ताईच्या गोगलगायींत एक धिप्पाड आहे, तिला आम्ही मॉनिटर म्हणतो. डब्याचं झाकण उघडलं की ही आधी बाहेर. म्हणून ताई रोज पहिली तिलाच ठेवायची. आणि मॉनिटरला डावीकडे वळायची खोड आहे. एवढंच. मी प्रयोग पुन्हा केला त्या दिवशी मॉनिटर शंखात दार लावून झोपलेली होती, म्हणून मी दुसरीच कोणीतरी पहिली ठेवली. ती गेली उजवीकडे. झालं. एका गोगलगायीची खोड आम्ही जगातल्या सगळ्या गोगलगायींच्या नावावर लावली.

एक मिनिट. पाणी पिते.

मॅडम, चपला काढल्यात तुम्ही. नाही, राहू द्या, राहू द्या. मी फक्त नोंद केली.

अर्थात हे सगळं आमचं "असं असावं". असं आहेच, हे अजून कोणी बघितलेलं नाही. आम्ही धावत मॅडमना सांगायला गेलो, तर मॅडमना स्टाफरूममध्ये घेरून फोटो काढणं चालू. आत शिरायलाच जागा नाही. मग आम्ही प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर, मी तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगते, चुकलं तर टोका.

सर म्हणाले, "बेटा, गोगलगाय डावीकडे जावो नाहीतर उजवीकडे, आपल्याला काय फरक पडतो?"

ताई म्हणाली, "सर, प्रकल्पाचं नावच 'गोगलगायींची डावी निवड' आहे."

सर म्हणाले, "तेच म्हणतोय. ट्रॉफीवर कोरून झालंय."

मी म्हटलं, "पण सर, मला ते वाक्य म्हणायचंय. तसंच आलं, असं. तसं नाही आलेलं."

तर सर हसले, मोठ्या मनाने हसले, आणि म्हणाले, "अगं, पुन्हा करायची अट पुढच्या वर्षीपासून समितीने काढलीच आहे. फार वेळ खाते. पण वाक्य ठेवलंय. परंपरा आहे, ऐकायला छान वाटतं. पुढच्या वर्षीपासून फक्त वाक्य म्हणायचं. तू एक वर्ष आधी सुरू कर."

हो ना सर? बघा, मान हलली. अर्धी हलली.

मंडळी, आता सगळे विचारतायत, ताई कुठे आहे. मावशी, तू तर मघापासून तीनदा उठलीस. ताई खाली प्रयोगशाळेत आहे. पायावर पाणी, बाह्या वर, समारंभाचे नवे कपडे ओले करून ती प्रदर्शनातली पट्टी धुतेय. साबणाने. साबणाने धुतली की माग पूर्ण निघतो, पण साबणाचा वास राहिला तर गोगलगाय शंखात शिरून बसते, बाहेरच येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने, आणि मग पट्टी पूर्ण कोरडी होऊन वास जाईपर्यंत थांबायचं. ताई पेपर लिहायच्या पॅडने वारा घालतेय. आणि मी इथे वारा घालतेय. खरं सांगते, मी हे भाषण पट्टी वाळेपर्यंतचं लिहून आणलंय. लवकर वाळली तर लवकर संपेल, नाहीतर सगळ्यांची नावं पुन्हा घेईन. मामा दारात का उभे आहेत ते आता कळलं असेल. मामा, काय? नाही अजून? बरं. आहे माझ्याकडे मजकूर.

मावशी, तू रडू नकोस. ताईला कोणी सांगितलं नव्हतं धुवायला. मीसुद्धा नाही. मी तर, खोटं कशाला बोलू, सकाळी दारात ती पट्टी बघून आधी नाचणार होते. म्हटलं, जिंकले! मग मी ताईला म्हटलं, "एवढी तयार झालीयस. जाऊन ट्रॉफी घे. सर म्हणतायत ना. मी ते वाक्य म्हणते, कोणाला कळतंय?" ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, "तुला कळतंय की. तू मला म्हातारी होईपर्यंत ऐकवशील. माझ्या मुलांना ऐकवशील. माझ्या सुनेला ऐकवशील."

मी म्हटलं, "ऐकवणारच."

"मग," म्हणाली, "सोड रस्ता." आणि बादली घेऊन गेली.

आई, हे तूही ऐक. वरच्या मजल्यावर अशी मुलगी आहे. जिना उघड आता.

नळवाले काका, तुमच्याशी एक बोलायचंय. मघाशी तुम्ही फार सुंदर बोललात. तुम्ही म्हणालात, वाहतुकीचा नियम गोगलगायीलासुद्धा कळतो, ती डावीकडून जाते, आणि माणसाला मात्र कळत नाही. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. ते आता तेवढं मागे घ्यावं लागेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व. पण त्याच्यापुढे तुम्ही जे बोललात त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मला तेच फार आवडलं. तुम्ही म्हणालात, तुमच्या कारखान्यात नळ बनवणारा नळ तपासत नाही. तपासणारा वेगळा. त्याची जागा वेगळी, जेवायची वेळसुद्धा वेगळी, म्हणजे दोघांची दोस्ती होऊ नये. आणि गळका नळ सापडला की तपासणाऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन चहा पाजता. काका, मग आमच्याच नळाला का सूट? उद्या तुमचा एखादा तपासणारा नळाला पाणीच न लावता म्हणाला, "मी करून पाहिलं, गळत नाही", कारण ऐकायला छान वाटतं, तर चालेल तुम्हाला?

काका, तुम्ही नुसतं हसताय. हसण्याचं काय करू मी? मान हलवा ना, हो किंवा नाही.

हलली! सर, बघितलंत? समितीने बघितलं? डावीकडून उजवीकडे हलली. नाही म्हणतायत. नाही चालणार म्हणतायत. तुम्हीपण बघितलंत ना सगळ्यांनी? मी एकटीने बघितलं तर मॅडम मानणार नाहीत.

आता मॅडम, शेवटचं तुमच्याशी.

निरोपाच्या भाषणात असं म्हणतात की तुमची पोकळी भरून निघणार नाही. मला नाही तसं वाटत. तुमची खुर्ची उद्या सकाळीच भरणारे, नवे सर तिथे मागे बसलेत, चांगले आहेत, मी बोलून बघितलंय. दोनदा. मला भीती खुर्चीची नाही. मला भीती त्या वाक्याची आहे. पुढच्या वर्षी इथे कोणीतरी मुलगी उभी राहील, छान कपडे घालून, आणि हसत हसत म्हणेल, "मी करून पाहिलं. तसंच आलं." आणि तिने काहीच केलेलं नसेल. तिच्या मागून दुसरी म्हणेल. मग तिसरी. आणि काही वर्षांनी तुम्ही पाहुण्या म्हणून या पहिल्या रांगेत बसाल, आणि तुमच्या लक्षात येईल की सगळ्या एकाच बाजूला वळतायत. पट्टी कोणी धुतच नाहीये.

मामा?

मामा, अंगठा म्हणजे वाळली? की अंगठा म्हणजे छान चाललंय? वाळली. वास? गेला वास. तुम्ही घेतलात? ताईने पण घेतला? दोघांनी. शाबास.

मंडळी, मला निघायला हवं. गोगलगायी मलाच ठेवायच्या आहेत, ताईला हात लावता येत नाही, ती तिकडे हात मांडीखाली घेऊन बसली असेल. पट्ट्या दोन तऱ्हेच्या आहेत. एक मॉनिटरच्या मागाची, तशीच ठेवलेली. एक धुतलेली, आणि प्रत्येक गोगलगायीनंतर बदलायला तशाच धुतलेल्या अजून. मळक्या पट्टीवर सगळ्या मॉनिटरच्या मागे गेल्या आणि धुतलेलीवर आपापल्या मनाने गेल्या, तर गोगलगायी डावीकडे जात नाहीत, त्या एकमेकींच्या मागे जातात, असं निघेल. आणि तसं नाही निघालं, तर मॅडम, आम्ही दोघी तुमच्यासमोर पडलेलं तोंड घेऊन उभ्या राहू आणि तुम्ही जे म्हणता ते म्हणाल. पण नियमाप्रमाणे मार्गदर्शक समोर नसेल तर प्रयोग धरत नाहीत. आणि आमच्या मार्गदर्शक, म्हणजे तुम्ही, आज संध्याकाळपर्यंतच मार्गदर्शक आहात. सर, पुरस्कार वितरण जरा थांबवा. फार नाही. गोगलगायीच्या चालीने बघितलं तर अगदी थोडा वेळ. तोवर दादांना अजून चार ओळी म्हणू द्या. ट्रॉफी टेबलावरच राहू दे, तिची मागची बाजू कोरी आहे, मी बघून ठेवलीय. ते वाक्य मी वर येऊन म्हणेन. जसं येईल तसं म्हणेन.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, समितीचे आणि आखूड कापडासाठी रसायनशास्त्र विभागाचे आभार. बोलण्याच्या भरात माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा असं म्हणायची पद्धत आहे. माफ नका करू. शोधून काढा, मी खाली आहे.

मॅडम, घाई करू नका, पाय लागेल टेबलाला. उजवी चप्पल तुमच्या खुर्चीखालीच आहे. डावी सरकत सरकत प्राचार्य सरांच्या बुटापाशी गेलीय. सर, जरा पाय उचला, त्यांना येऊ द्या. मी पुढे होते.